सहा नंबरचं म्हणणं

४ मार्च

चिरंजीव धाकटे बंधू यांस,

आशीर्वाद पुढच्या पत्रात, शिल्लक राहिले तर.

तुझ्या कंपनीची गुळगुळीत पुस्तिका काल वॉर्डात पोचली. 'रुग्णांची बेल : परिचारिका काय सांगतात'. वर माझे आभारही मानलेत. बत्तीस खाटांच्या या वॉर्डात मी पंचवीस वर्षं काढली, आज तो माझ्याच ताब्यात आहे, आणि तू माझ्या पाठचा भाऊ. म्हणून सुट्टीची अख्खी दुपार तुझ्या त्या रेकॉर्डिंगच्या यंत्रासमोर बसून बोलले. त्यातून तू काय उचललंस? पान अकरा, 'आवाजाचा जाच' या मथळ्याखाली, बोटभर उंचीच्या अक्षरांत : "बेल वाजली की मी बघतसुद्धा नाही, बटण दाबून टाकते." खाली, 'एक अनुभवी परिचारिका'.

मी असं म्हणाले का? म्हणाले. पण त्याच्या आधी काय म्हणाले? की चार वाजता भेटायला येणारे गेले की सात-आठ बेल एकदम वाजतात, कुणाला उशी सरकवून हवी, कुणाला पाणी, आणि मी तेव्हा टेबलाशी औषधांचा तक्ता लिहीत असते. एक आकडा चुकला तर माणूस जाईल असा तक्ता. ते सगळं कापलंस. ध चा मा केलास आणि वर आभार मानलेस.

आणि निष्कर्ष तर काय वर्णावा! "नऊपैकी आठ परिचारिकांना आवाजाचा त्रास होतो, म्हणून नव्या बेलला टेबलावरून बंद करण्याचं मोठं, सोपं बटण हवं." अरे शहाण्या, खाटेवरचा माणूस बेल वाजवतो तो आमचं डोकं उठवायला नव्हे.

पुस्तिका परत मागव. फोन करू नकोस. फोनवर तू मधेच बोलतोस, कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही.

ताई


९ मार्च

ताई,

नमस्कार. सवयीने.

पुस्तिका परत मागवता येत नाही. नऊही जणींना गेली, शिवाय तीस हॉस्पिटलांना गेली.

तुला ठाऊक असेल, नसेलही, कारण माझ्या कामाबद्दल तू कधी विचारलेलं नाहीस : मी मुळात वस्तूंना आकार देणारा माणूस. बटण कुठे, कड किती गोल, अंगठा कुठे टेकेल, एवढं माझं. लोकांच्या मुलाखतींचा अर्थ लावणारी आमच्याकडे एक होती, ती नोकरी सोडून गेली आणि आमच्या विभागाच्या मुख्य बाईंनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. सहा आठवडे रोज कामानंतर वर्गाला जाऊन शिकलो. शिकवलं तसंच केलं. मुलाखत शब्दन् शब्द उतरवायची, एकेक म्हणणं एकेका चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या भिंतीवर लावायच्या, सारख्याशेजारी सारखी, ढिगाला नाव द्यायचं, मग मोजायचं. चारशे बारा चिठ्ठ्या झाल्या. 'आवाज' तेवीस वेळा आला. यात माझ्या पदरचं काय आहे?

तुझा राग नवा नाही. घरात कुणाला काही कळत असेल तर ते तुलाच. आई आजारी होती तेव्हा मला खोलीबाहेर उभं केलंस, 'तुला त्यातलं काय कळतं?' म्हणून. आता माझ्या कामातलंही तुलाच कळतं. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं ताई. खाली उतरून बघ.

सोबत नऊही मुलाखती आणि कुठली चिठ्ठी कुठल्या ढिगात लावली त्याची यादी पाठवतो आहे. नावं-गावं काढून नुसते नंबर ठेवलेत. तू चार नंबर. असं बाहेर देणं नियमात बसत नाही, मुख्य बाईंना कळलं तर माझी खैर नाही. पण तुझी एकदा जिरावी म्हणून एवढा धोका पत्करतो.

धाकटा


१८ मार्च

धाकट्या,

वाचलं. दोनशे पानं. जिरली नाही.

पहिली गोष्ट. तू उत्तरं भिंतीवर लावलीस, प्रश्न कुठे लावलेस? नऊही जणींना तू विचारलंयस, "आवाजाचा त्रास होतो ना?" होतो ना! एखादी शिकाऊ पोरगी पेशंटला "दुखत नाही ना?" असं विचारते तेव्हा मी तिला तिथल्या तिथे झापते. तो बिचारा भिडेखातर "नाही" म्हणतो आणि दातओठ खात पडून राहतो. "कुठे दुखतंय, हात लावून दाखवा," म्हणायचं. तुझे तेवीस 'आवाज' मी मोजले. एकोणीस वेळा तो शब्द आधी तुझ्या तोंडून आलाय, मग त्यांच्या. स्वतःच पेरलंस, स्वतःच कापलंस आणि पीक मोजत बसलास.

दुसरी गोष्ट. शब्दाला शब्द जुळवून ढीग केलेस. तीन नंबर म्हणते, "आवाजाने डोकं उठतं." आठ नंबर म्हणते, "पडद्याआड जखम धूत असले की आवाज येतच नाही." या दोघी एका ढिगात! उद्या एकाचं हृदय बंद पडलं आणि एकाचा पंखा बंद पडला तर दोघांना एकाच खाटेवर झोपवशील.

मी काय केलं ते ऐक. मीही चिठ्ठ्या लिहिल्या आणि पलंगावर पसरल्या. शब्द बाजूला ठेवले. प्रत्येक प्रसंगाला एवढंच विचारलं : बेल वाजली तेव्हा ही बाई कुठे उभी होती आणि तिचे हात कशात गुंतले होते? दोनच ढीग झाले. टेबलाशी होत्या त्यांनी बटण दाबलं, एकूण एक जणींनी. आणि लांब खाटांमध्ये होत्या त्यांच्यापर्यंत बेल पोचलीच नाही, कारण तोवर टेबलावरून कुणीतरी ती बंद केली होती. बटण दाबलं की आवाजाबरोबर खाटेचा दिवाही विझतो, मग कळणार कसं? गोंगाट हा आजार नाही, लक्षण आहे. आणि तू ते बटणच मोठं करायला निघालास.

सहा नंबरची मुलाखत मात्र काढून टाक. तिला तू 'इतर' मध्ये ठेवलंयस, तेवढं एक बरोबर केलंस. ती बाई मनातलं विष ओकते आहे. अशी एखादी सगळीकडे निघते, तिचं धरून चालायचं नसतं. बाकी ऐकू नकोस हवं तर, हे ऐक.

ताई


२३ मार्च

ताई,

तुझ्या रीतीने सगळं पुन्हा मांडलं. भिंत रिकामी केली, प्रश्न उत्तरांशेजारी लावले, कोण कुठे उभी होती ते लिहिलं. मुख्य बाई येऊन भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मीच."

"खोटं बोलू नकोस. पंधरा दिवसांपूर्वी तुला चिठ्ठी कुठे चिकटवायची ते कळत नव्हतं."

सांगावं लागलं. सगळ्यांदेखत माझी सालटी काढली. मग नऊही जणींना फोन करायला लावले : 'तुमची मुलाखत आम्ही एका अनुभवी परिचारिकेला वाचायला दिली, चूक झाली, तुमची हरकत असेल तर वगळतो.' सात जणी बरं म्हणाल्या. तुला फोन करायचा नाही असा तुझाच हुकूम होता. सहा नंबर मात्र म्हणाली, "कोणत्या परिचारिकेला?" मी म्हटलं, नाव सांगता येणार नाही. ती म्हणाली, "वाचू दे तिला."

तू सांगितलंस म्हणूनच नेमका तिच्याकडे परत गेलो. या वेळी माझे शब्द तिच्या तोंडात घातले नाहीत. एवढंच म्हटलं, "काय झालं होतं ते सांगा."

आठ वर्षांपूर्वी ती बत्तीस खाटांच्या वॉर्डात नवीन लागली होती. त्या दुपारी एका म्हाताऱ्याला आंघोळ घालायला न्हाणीघरात होती, पाणी चालू. एकोणीस नंबरच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस होता. त्याला एकट्याने उठायची मनाई होती. त्याने बेल वाजवली, शेजारच्या खाटेवाल्याने त्याला ती वाजवताना पाहिलं. टेबलावरून बेल बंद झाली. कुणी आलं नाही म्हणून तो उठला, पडला, टाके उसवले. नवव्या दिवशी गेला. चौकशीत ठरलं की बेल वाजलीच नव्हती आणि हिचं लक्ष नव्हतं. एकोणीस नंबर हिच्या ओळीत होता, म्हणून घरी गेली ती ही. शेजारच्या खाटेवाल्याला कुणी विचारलंच नाही.

मी विचारलं, "टेबलाशी कोण होतं?" ती म्हणाली, "सीनियर." नाव घेतलं नाही.

आठ वर्षांपूर्वी, बत्तीस खाटा, तिने सांगितलं ते हॉस्पिटलही तुझंच. म्हणजे तुझाच वॉर्ड. तेव्हा तिथे मेट्रनबाई टेबलाशी ठाण मांडून बसायच्या, हे तूच सांगायचीस. तुझ्या जिवाभावाच्या मेट्रनबाई! आता कळलं सहा नंबर का नको ते. मला दोनशे पानांचं शहाणपण शिकवायचं आणि मैत्रिणीची पाळी आली की पांघरूण घालायचं. माझ्या डोळ्यातलं कुसळ तुला बरं दिसलं.

आणि तुझ्याच रीतीने सांगतो, ती 'इतर' नाही. आठ जणी बटण दाबल्याचं सांगतात. दाबल्यावर खाटेवर काय होतं ते सांगणारी ही एकटीच आहे. एकटी आहे म्हणून तिचं म्हणणं कमी भरत नाही. आठांनी अर्धी गोष्ट सांगितली, उरलेली अर्धी तिच्याकडे आहे.

धाकटा


५ एप्रिल

ताई,

तेरा दिवस उत्तर नाही. म्हणजे माझं बरोबर आहे.

मेट्रनबाईंचा पत्ता मिळवला आहे. निवृत्त होऊन मुलीकडे राहतात. सोमवारी त्यांना पत्र टाकणार आणि सरळ विचारणार, त्या दिवशी टेबलाशी बसून तुम्ही काय केलंत? तू रागावशील. रागाव.

धाकटा


८ एप्रिल

धाकट्या,

मेट्रनबाईंना लिहू नकोस. त्या तेव्हा महिनाभर रजेवर होत्या. टेबलाशी मी होते.

हे लिहून तीन दिवस झाले असते. दोनदा फाडलं. तुझं पाच तारखेचं पत्र आलं तेव्हा क्षणभर असंही मनात आलं, की लागू दे त्याला मेट्रनबाईंच्या मागे. त्यांचं वय झालंय, त्यांना काही आठवत नाही. हे मनात आलं, ते तुला कळावं म्हणून लिहिते.

भेटायला आलेली माणसं गेली आणि बेल वाजायला लागल्या. नव्या पेशंटचा तक्ता अर्धा झाला होता. बेल बंद केली गेली, दिवे विझले. कोणकोणत्या खाटांचे होते ते पाहिलं गेलं नाही. मग धप्प आवाज आला. चौकशीत विचारलं, बेल वाजली होती का? "लक्षात नाही," असं बोललं गेलं. पुढच्या वेळेपर्यंत त्याचं "वाजली नाही" झालं. मला वरची जागा मिळणार होती. ती नवीन होती, तिला कुठेही दुसरी नोकरी मिळेल असं वाटलं.

तिला आम्ही चिमणी म्हणायचो. बारकी होती आणि सारखी बडबडायची.

पुस्तिकेत माझं वाक्य छापलेलं बघितलं तेव्हा पहिला विचार आला, हे चिमणीने वाचलं तर? तिचीही मुलाखत तू घेतली असशील हे माहीत नव्हतं, तरी आला. तुझ्यावर तुटून पडले त्यातलं निम्मं खरं होतं, तुझं काम वाईटच होतं. निम्मी भीती होती. तू पाठवलेल्या मुलाखती पानन् पान वाचल्या त्या तुला शिकवायला नव्हे. कुठे काही निघतं का ते बघायला.

सोबत बंद पाकीट आहे. तिला दे. तू उघडू नकोस.

ताई


१३ एप्रिल

ताई,

उघडलं नाही. मला वाचायचंही नाही.

तुझ्या मुलाखतीची टेप काल परत ऐकली. मी विचारतो, "टेबलावरून बंद केल्यामुळे कधी काही अडचण झाली?" तू हसतेस आणि म्हणतेस, "छे!" त्यानंतर टेपवर लांबलचक शांतता आहे. लांब कुठेतरी नळ चालू आहे, तोही ऐकू येतो. मग तू म्हणतेस, "चहा घेतोस?" उतरवून घेताना मी ती शांतता गाळली. शांततेची चिठ्ठी कशी लिहायची ते वर्गात शिकवलं नव्हतं. ती चूक माझी. 'छे' तुझं.

आईच्या खोलीबाहेर मला उभं केलंस तेव्हा म्हणाली होतीस, "आजाऱ्यापाशी राहायचं तर जबाबदारी लागते, ती तुझ्यात नाही." ते साल कोणतं होतं, आठव. एकोणीस नंबर गेला त्याच्या पुढच्याच वर्षी. कोणत्या तोंडाने म्हणालीस ग?

कामाचं सांगून टाकतो. नव्या बेलला टेबलावर बंद करायचं बटणच असणार नाही. खाटेशी जाऊनच ती बंद होईल, तोवर टेबलावरचा दिवा जळत राहील आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकालाही एक दिवा लागेल. उशी-पाण्यासाठी वेगळं, हलक्या आवाजाचं बटण. मालक म्हणाले, "परिचारिकांना हे आवडणार नाही, फेऱ्या वाढतील." मुख्य बाईंनी सहा नंबरचं म्हणणं वाचून दाखवलं. मालकांनी सही केली.

पाकीट पोचवलं. "घ्याल का?" असं आधी विचारलं. तिने घेतलं, माझ्यासमोर उघडलं नाही.

मी तुझ्याकडे सध्या येणार नाही. सुट्टीत पोरांना घेऊन येईन असं म्हटलं होतं, तेही नाही.

धाकटा


२७ एप्रिल

सिस्टर,

तुमचं पत्र मिळालं. 'लाडक्या चिमणीस' असं लिहिलंत. ते नाव वॉर्डातलं होतं, वॉर्डाबरोबर गेलं.

मी तीनदा वाचलं आणि पेन्सिलीने खुणा करून परत पाठवते आहे. खुणा बघा. 'बेल बंद केली गेली.' कुणी केली? 'तेव्हा खरं बोललं गेलं नाही.' कुणाकडून? 'तुझ्यावर अन्याय झाला.' अन्याय म्हणजे काय गारा आहेत, आपोआप पडायला? चार पानांत 'मी' अकरा वेळा आहे. मी थकले होते, मी किती दिवस जेवले नाही, मी तुझा पत्ता शोधत होते. बेलच्या वाक्यात 'मी' एकदाही नाही. तुम्हाला हे लिहिताना जाणवलं नसेल, त्याचंच मला नवल वाटतं.

तुम्ही विचारलंत मी कशी आहे. डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे लोकांच्या डोळ्यांत थेंब घालते. काम चांगलं आहे, डॉक्टर भले आहेत. पण मला वॉर्डात काम करायचं होतं. चार हॉस्पिटलांत गेले. माझ्या कागदावर 'हलगर्जीपणा' लिहिलंय, ते वाचलं की समोरचा माणूस खुर्चीत मागे सरकतो. मला ते सरकणं आता आधीच ओळखता येतं.

एकोणीस नंबरची बायको दोन गल्ल्या सोडून राहते. मी समोरून आले की ती रस्ता ओलांडते. आठ वर्षं ती याच समजुतीत आहे, की तिच्या नवऱ्याने कुणाला हाक मारली नाही, आपल्या हट्टाने उठला आणि मेला. हॉस्पिटलने तिला तसंच सांगितलं. नवऱ्यावर चिडूनच ती म्हातारी झाली.

तुम्ही माफी मागितलीत. मी देणार नाही. नंतरही देईन असं वाटत नाही, तेव्हा वाट बघू नका. पुन्हा मला लिहूही नका. लिहायचंच असेल तर हॉस्पिटलला लिहा, आणि नीट लिहा.

सहा नंबर


३ मे

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक

विषय : आठ वर्षांपूर्वीच्या चौकशीत मी दिलेला खोटा जबाब

महोदय,

आठ वर्षांपूर्वी आपल्या हॉस्पिटलच्या बत्तीस खाटांच्या वॉर्डात खाट क्रमांक एकोणीसवरचे रुग्ण पडले आणि नवव्या दिवशी वारले. त्या चौकशीत मी 'बेल वाजली नाही' असा जबाब दिला. तो मी जाणूनबुजून खोटा दिला.

त्या जबाबावरून जिला काढलं, ती परिचारिका त्या वेळी न्हाणीघरात दुसऱ्या रुग्णापाशी होती. तिला बेल ऐकू येणं शक्य नव्हतं. तिची काही चूक नव्हती. तिच्या कागदावरचा 'हलगर्जीपणा' हा शब्द काढावा आणि तसं तिला लेखी कळवावं. तो शब्द माझ्या कागदावर लिहावा.

वॉर्डाचा ताबा मी आज सकाळी दुसऱ्या सिस्टरांकडे दिला आहे. आपण बोलवाल तेव्हा चौकशीला हजर राहीन. या पत्राची एक प्रत तिला पाठवली आहे. दुसरी प्रत घेऊन मी आज दुपारी त्या रुग्णाच्या पत्नीकडे जाणार आहे. त्यांना हे माझ्याच तोंडून कळायला हवं.

मी थकले होते का, कामाचा ताण होता का, हे मी इथे लिहीत नाही. ते कुणी विचारलं तर सांगेन.

त्या रुग्णाने बेल वाजवली होती. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा एकोणीसचा दिवा मी पाहिला आणि तिन्ही वेळा बेल मी बंद केली.

आपली,
मुख्य परिचारिका